निधी मार्चअखेर, तेंदूपत्ता मे महिन्यात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ग्रामीण महाविद्यालयांतले प्राध्यापक संशोधन करत नाहीत, विद्यापीठाने दिलेला निधीही परत पाठवतात, असा सूर मार्च-एप्रिल आला की हमखास लागतो. निधी परत जातो हे खरे आहे. तो का जातो, हे मात्र कुणी तारखांसकट मांडत नाही. विदर्भातल्या खेड्यापाड्यांतल्या महाविद्यालयांच्या संशोधन समित्यांचे कागद ज्यांच्या हाताखालून जातात, त्यांना हे गणित पाठ आहे.

विद्यापीठांच्या लघुशोध प्रकल्पांचा, म्हणजे बीजनिधीचा, फेरा साधारण असा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये परिपत्रक निघते. प्राचार्यांच्या शिफारशीसह प्रस्ताव सप्टेंबरपर्यंत जातात. छाननी, मग तज्ज्ञांपुढे सादरीकरण, मग व्यवस्थापन परिषदेची मंजुरी, यात दिवाळी निघून जाते आणि हिवाळी परीक्षाही. मंजुरीपत्र हाती पडते जानेवारीत. पहिला हप्ता महाविद्यालयाच्या खात्यात येतो फेब्रुवारीत, आणि सोबतच सूचना येते की ३१ मार्चपर्यंत खर्च करून, निधी ठरल्या कामालाच लागला असे उपयोगिता प्रमाणपत्र पाठवावे. कागदावर वर्षभराचा प्रकल्प, प्रत्यक्षात काम करायला सहा आठवडे.

पुण्या-मुंबईच्या सुसज्ज प्रयोगशाळेत सहा आठवड्यांत काहीतरी उरकता येत असेल. आपल्याकडचे विषय हंगामाला बांधलेले आहेत. विडी वळायला लागणाऱ्या तेंदूपत्त्याचेच घ्या. वनहक्क आणि (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या) पेसा कायद्यांनंतर गडचिरोलीत अनेक ग्रामसभा तेंदूची विक्री स्वतः करतात. त्यातून तोडणाऱ्याच्या हाती नेमके किती पडते, हा अर्थशास्त्राचा, समाजशास्त्राचा, वाणिज्य शाखेचाही सरळ विषय. पण पाने तोडली जातात ती उन्हाळ्यात, मुख्यतः मे महिन्यात, आणि हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. पहाटे जंगलात जायचे, पाने घेऊन घरी यायचे, घरातल्या सगळ्यांनी बसून पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचे. ७० पानांचा एक पुडा, १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. कोणाचे किती पुडे मोजले गेले, किती बाजूला काढले आणि का, म्हातारी आणि शाळकरी पोर किती वेळ बांधत बसली, ही नोंद त्याच संध्याकाळी फळीवर आणि त्याच दुपारी अंगणात घेता येते. तेच घर ऑगस्टमध्ये गाठले, तर प्रश्नावलीला उत्तर मिळते, "असतील हजारेक पुडे." त्यावर प्रबंध उभा राहतो, पण तो खरा नसतो. निधी मार्चला संपतो आणि तेंदू मे महिन्यात येतो. मोहफुलाचेही तसेच, ते मार्च-एप्रिलमध्ये, ऐन हिशेबाच्या धांदलीत.

विज्ञानाकडे वळले तर यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या फ्लोराइडच्या पाण्याचा विषय रसायनशास्त्राच्या कितीतरी प्रस्तावांत असतो, आणि असायलाच हवा. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालावे, असे भारतीय मानक सांगते. त्यासाठी त्याच विहिरीचे, त्याच हातपंपाचे पाणी पावसाळ्याआधी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर नोव्हेंबरच्या सुमारास, असे निदान दोनदा तपासावे लागते. फेब्रुवारीत पैसे मिळालेला प्राध्यापक मार्चमध्ये एकदाच नमुने घेतो. पावसाचे पाणी जमिनीत मुरल्यावर प्रमाण घटते की वाढते, हा मूळ प्रश्न तसाच राहतो. त्यात घाईच्या चुका होतात. नमुना काचेच्या बाटलीत आणला तर फ्लोराइड काचेशी क्रिया करते. बाटली पॉलिथिनचीच हवी. इलेक्ट्रोडने मोजताना नमुन्यात आणि प्रमाण द्रावणात टायसॅब बफर (असे अडथळे दूर करणारे द्रावण) सारख्याच प्रमाणात घातला नाही, तर पाण्यातले ॲल्युमिनिअम आणि लोह फ्लोराइडला धरून ठेवतात आणि आकडा कमी येतो. इलेक्ट्रोड मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येऊन पडला, की सराव करायला वेळ कुठला? अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या जमिनींचे, कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचे प्रस्तावही याच चक्रात सापडतात. बोंडअळीच्या नर पतंगांना गंधाने ओढणारे कामगंध सापळे कपाशी शेतात उभी असताना लावायचे असतात, पऱ्हाटी उपटल्यावर नाही.

यावर ठरलेले उत्तर येते, "वित्तीय वर्षाचा नियम आहे, आम्ही काय करणार?" इथे थोडे थांबून पाहायला हवे. बीजनिधी बहुतेक ठिकाणी विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीतून दिला जातो. तो सरकारी अनुदानासारखा ३१ मार्चला आपोआप व्यपगत होत नाही. अर्थसंकल्पात त्याचे स्वतंत्र निर्धारित निधी म्हणून खर्चाचे शीर्ष केले आणि अखर्चित रक्कम पुढे ओढण्याचा ठराव व्यवस्थापन परिषदेने केला, तर प्रकल्पाचा कालावधी जून ते पुढच्या वर्षीचा नोव्हेंबर, असा दीड वर्षाचा ठेवता येतो. त्यात दोन पावसाळे आणि एक तेंदू हंगाम बसतो. केंद्राच्या प्रायोजक संस्थासुद्धा शिल्लक रक्कम पुढच्या हप्त्यात वळती करून घेण्याची मुभा परवानगीने देतात. तेव्हा नियमाकडे बोट दाखवण्याआधी तो नियम कोणाचा, हे पाहावे.

चूक सगळी विद्यापीठाचीच, असेही नाही. आमच्याकडून जाणारी अंदाजपत्रके वाचवत नाहीत. सर्वांत जास्त दिसणारी चूक वस्तू व सेवा कराची. कॅटलॉगमध्ये ४० हजारांचे उपकरण पाहिले की प्रस्तावात ४० हजारच लिहिले जातात. १८ टक्के कर धरला की बिल ४७,२०० चे होते, वर नागपूरहून आणण्याचा खर्च वेगळा. मग सात हजार रसायनांच्या शीर्षातून काढायचे, आणि तेही आधी पुनर्विनियोजनाची, म्हणजे एका शीर्षातली रक्कम दुसरीकडे वळवण्याची, परवानगी न घेता. लेखापरीक्षक आक्षेप घेतो तो नेमका इथे. खर्च आधी आणि परवानगी मागाहून, ही सवय मोडायला हवी.

दुसरी अडचण दरपत्रकांची. तालुक्याच्या गावात वैज्ञानिक साहित्याचे एखादे दुकान असले तरी नशीब. तीन दरपत्रके हवीत म्हणून एकच पुरवठादार तीन लेटरहेड आणून देतो. तिन्हींवर एकाच दिवसाची तारीख आणि एकाच साच्यातला मजकूर. हे कागद पाहून कोणालाही कळते. नागपूर, अमरावतीच्या पुरवठादारांकडून ई-मेलवर दरपत्रके मागवून ते ई-मेल छापून फाइलला लावले, तर हा प्रश्न उरत नाही. केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये संशोधन संस्थांसाठी दरपत्रकाविना थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख रुपये केली. राज्यातल्या विद्यापीठांनी स्वतःच्या बीजनिधीला असाच काही सैल नियम लावायला कोणाची आडकाठी आहे?

प्रवासखर्चाचे तर हसू येते. तिकीट जोडल्याशिवाय बिल नाही. एसटीचे तिकीट मिळते, पण एसटी जिथे थांबते तिथून पुढे आठ-दहा किलोमीटर काळीपिवळीने किंवा कोणाच्या दुचाकीवर मागे बसून जायचे असते. काळीपिवळीवाला पावती देत नाही. किलोमीटरप्रमाणे स्वयंघोषणेवर खर्च मंजूर करण्याची एक ओळ मार्गदर्शक सूचनांत टाकली की पुरे. मेळघाटात कोरकू आणि भामरागडकडे माडिया बोलणाऱ्या घरांत मुलाखती घ्यायच्या तर दुभाषा लागतो. त्याचे मानधन कुठल्या शीर्षात टाकायचे, हे अर्जाच्या नमुन्यात सापडत नाही. मग ते 'संकीर्ण'मध्ये जाते आणि तिथेच कापले जाते.

उपयोगिता प्रमाणपत्राबद्दलही थोडे. केंद्राच्या निधीसाठी ते सामान्य वित्तीय नियम २०१७ मधल्या १२-अ नमुन्यात लागते, सनदी लेखापालाच्या सहीसह, सोबत शीर्षनिहाय खर्चाचे विवरण. बहुतेक फाइली परत येतात त्या व्याजामुळे. खात्यात पडून राहिलेल्या रकमेवरचे पाच-सातशे रुपये व्याजही अनुदान देणाऱ्याचे असते. ते विवरणात दाखवले नाही की पासबुक आणि प्रमाणपत्र जुळत नाही आणि दुसरा हप्ता सहा महिने अडतो. प्रकल्पाचे खाते वेगळे ठेवले तर हे पाच मिनिटांचे काम आहे. महाविद्यालयाच्या सर्वसाधारण खात्यात सगळे एकत्र असले, की कोणते व्याज कोणाचे हे देवही सांगू शकणार नाही.

बाहेरच्या निधीचे दरवाजे कमी झालेत, हे मान्य करावे लागेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लघु व बृहत् शोधप्रकल्पांवर खेड्यातली महाविद्यालये वर्षानुवर्षे जगली. बारावी पंचवार्षिक योजना २०१७ मध्ये संपली आणि तो झराही आटला. सामाजिक शास्त्रांसाठी आयसीएसएसआर, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, आहे. विज्ञान-अभियांत्रिकी संशोधनाला निधी देणारे केंद्राचे एसईआरबी मंडळ २०२३ च्या कायद्यानंतर राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात, म्हणजे एएनआरएफमध्ये, विलीन झाले. त्या मंडळाची शिक्षकांसाठीची 'टेअर' योजना आमच्यासारख्यांना खरी उपयोगाची होती. ४५ वर्षांच्या आतल्या नियमित शिक्षकाने तीन वर्षे जवळच्या मोठ्या संस्थेत वर्षातला काही काळ काम करायचे. त्याला वर्षाला ६० हजार मानधन आणि संशोधनासाठी वर्षाला ५ लाख, तेही दोन्ही संस्थांत निम्मेनिम्मे. नीरीसारखी पर्यावरण संशोधन संस्था आणि व्हीएनआयटी हे अभियांत्रिकी महाविद्यालय नागपुरात असताना ही योजना इकडे कितीशा शिक्षकांना ठाऊक होती? आता अशा जाहिराती एएनआरएफच्या संकेतस्थळावर पाहाव्या लागतात, आणि मुदत बहुधा महिनाभराचीच असते. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठात राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने विज्ञान व तंत्रज्ञान संसाधन केंद्र चालते. बांबू, वनोपज अशा विषयांवर काम करणाऱ्यांनी तिकडेही विचारणा करावी.

राहता राहिले प्रशिक्षण. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला पदोन्नतीसाठी शैक्षणिक स्तर (वेतनश्रेणी) १० वरून ११ वर जायला २१ दिवसांचा उद्बोधन वर्ग आणि एक उजळणी किंवा संशोधन पद्धती वर्ग लागतो. ११ वरून १२ वर जायला दोन आठवड्यांचे दोन वर्ग. त्यामुळे वर्ग निवडला जातो तो विषय पाहून नाही, तर पदोन्नतीची तारीख पाहून. नागपूर आणि अमरावतीची जुनी मनुष्यबळ विकास केंद्रे २०२३ पासून मालवीय मिशन या शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाची केंद्रे झाली, अनेक वर्ग ऑनलाइन झाले. सोय झाली हे खरेच. पण ऑनलाइन वर्गात फ्लोराइड मोजणारे आयन मीटर हाताळता येत नाही. विद्यापीठांच्या मध्यवर्ती उपकरण केंद्रांत दोन आठवड्यांचा प्रत्यक्ष हाताळणीचा वर्ग घेतला, तर तोही याच नियमांत बसू शकतो. प्रस्ताव लेखनाच्या कार्यशाळा होतात, त्यांत शाल-श्रीफळ आणि उद्घाटनाची भाषणे अर्धा दिवस खातात. त्याऐवजी वीस जणांनी आपापले अंदाजपत्रक आणावे आणि वित्त विभागातल्या एका अनुभवी लिपिकाने ते लाल शाईने तपासून द्यावे. कुठल्याही बीजभाषणापेक्षा ते जास्त कामाचे.

शिवाय जायचे कसे? एकशिक्षकी विभागातल्या प्राध्यापकाला दोन आठवडे मोकळे केले तर वर्ग कोण घेणार? रिक्त जागांवर तासिका तत्त्वावरचे शिक्षक आहेत, पीएच.डी. झालेले, नेट-सेट असलेले. पण बहुतेक योजनांत मुख्य संशोधक म्हणून ते चालत नाहीत. निदान सहसंशोधक म्हणून त्यांचे नाव आणि मानधन धरावे. गावोगाव जाऊन नमुने आणण्याचे निम्मे काम तसेही तेच करतात.

येत्या मार्चमध्ये विद्यापीठांचे अर्थसंकल्प अधिसभेपुढे येतील. संशोधनासाठी तरतूद किती, हे सदस्य विचारतातच. यंदा त्यांनी आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: मागच्या वर्षीची मंजुरीपत्रे कोणत्या तारखेला निघाली, पहिला हप्ता कोणत्या तारखेला जमा झाला आणि ३१ मार्चनंतर किती रक्कम परत मागवली. तिन्ही नोंदी विद्यापीठाच्याच दप्तरात असतात. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागू नये.

आपले,
ग्रामीण महाविद्यालयांतील संशोधन समित्यांचे काही समन्वयक, विदर्भ