फ्रूट मशीनवरची फळे आणि हरवलेली बटणे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गोव्याच्या मांडवी नदीतल्या कॅसिनो-जहाजांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख ई-पेपरवर वाचला. स्लॉट मशीनवरची, म्हणजे नाणे टाकून चाके फिरवायच्या जुगाराच्या यंत्रावरची, चेरी, लिंबू, संत्रे ही ‘बालिश सजावट’ असल्याचे त्यात म्हटले आहे. त्या फळांना इतिहास आहे. पहिली तीन चाकांची यंत्रे सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बनवली, तेव्हा चाकांवर पत्त्यांची चिन्हे, घोड्याचे नाल आणि घंटा होती. पुढे १९१०च्या सुमारास पैसे देणाऱ्या यंत्रांवर बंदी आली, तशी हीच यंत्रे च्युइंगमची म्हणून उभी राहिली. फळे आली ती त्या गमच्या चवींची. इंग्लंडात म्हणून आजही त्यांना ‘फ्रूट मशीन’च म्हणतात.

मी मिरजेहून १९८१ साली इंग्लंडातल्या प्रेस्टनजवळच्या एका रुग्णालयात नोकरीला आलो. डॉक्टरांच्या मेसमध्ये कोपऱ्यात असे एक यंत्र होते. रात्रपाळीत दोन वाजता चहा घेऊन तिथे उभे राहायचे आणि दहा पेन्सचे नाणे टाकायचे. दोन चेरी आल्या की ‘होल्ड’ दाबून त्या रोखायच्या, तिसरे चाक फिरवायचे. कधी ‘नज’ मिळाला तर चाक एकेक घर खाली सरकवून लिंबाच्या जागी चेरी आणायची. हातात दोन नज आणि चेरी तीन घरे वर असली की पाठीमागे उभे असलेले सगळेच हळहळायचे! जिंकलेली नाणी पत्र्याच्या ताटलीत खणखणत पडली की शेजारच्या खोलीत झोपलेला सहकारी शिव्या घालत उठे.

तीही यंत्रे साधुसंत नव्हती. ब्रिटनमधल्या पबमधल्या जुन्या यंत्रांपैकी बरीचशी आत हिशेब ठेवत. किती आले, किती दिले ते मोजून ठरलेल्या टक्क्यांवर येण्यासाठी कधी हात आखडता घेत, कधी सैल सोडत. म्हणून पबमधले मुरलेले गडी बिअर पुढ्यात घेऊन गप्प बसत. कोणा नवख्याने यंत्रात भरपूर ओतले आणि कंटाळून गेला की उठत. खेळाडूला जिंकण्याची शक्यताच नसेल असा पर्यायही हे यंत्र कधी कधी देईल, अशी सूचनाच कित्येक यंत्रांवर चिकटवलेली असे. आपल्याकडच्या मटक्याच्या चिठ्ठीवर असे कोणी छापले असते का?

तर फसगत तेव्हाही होतीच. पण फसताना डोळे आणि बोटे चालत असत, आणि आजूबाजूला चार माणसे असत.

आता गावातल्या पबमध्ये काचेचा पडदा असलेले यंत्र आले आहे. एकाच पडद्यावर वीस खेळ, सगळ्यांची चाके चित्रातली. नोट आत सरकवायची आणि एकच बटण दाबत राहायचे. पबमधल्या यंत्राचे कमाल बक्षीस २००९ साली ७० पौंड झाले, २०१४ मध्ये १०० पौंड, आणि एका खेळाला जास्तीत जास्त एक पौंड लावता येतो. बक्षीस वाढले तसे त्याच्यापर्यंत पोहोचायला लागणारे पैसेही वाढले. माझी २० पौंडांची नोट मागच्या महिन्यात चार-पाच मिनिटांत संपली. १९८१ साली एवढ्यात दोन महिन्यांच्या रात्रपाळ्या निघाल्या असत्या, महागाई धरूनही हे जरा जास्तच झाले. सट्ट्याच्या दुकानांतली यंत्रे तर याहून भयंकर होती. तिथे एका खेळाला १०० पौंडांपर्यंत लावता येत. सरकारने एप्रिल २०१९ मध्ये ती मर्यादा २ पौंडांवर आणली, तेही बऱ्याच घरांची धूळधाण झाल्यावर.

तरुण मुले त्या पबमधल्या यंत्राकडे फिरकतही नाहीत, फोनवर खेळतात. माझ्या नातवाला ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावरच्या एका पिअरवर (समुद्रात गेलेल्या करमणुकीच्या धक्क्यावर) जुने यंत्र दाखवले. त्याने तीन वेळा ‘होल्ड’ दाबला, नंतर विचारले, “आजोबा, याला आवाज बंद करायचं बटण कुठंय?”

आपला,
मिरजेचा एक निवृत्त डॉक्टर,
लँकशायर, इंग्लंड