हे खरे नाही

नागपूर, १४ मे

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

कूलरच्या ताट्या बदलून घेतल्या, वाळ्याच्याच लावल्या. मागच्या खोलीतला पंखा मिस्त्रीला दाखवला, तो गुरुवारी येतो म्हणाला. आई, लोणच्याच्या कैऱ्या तू पुण्याहून आल्यावरच आणू.

बाबा, रविवारी फोन मीच मध्ये बंद केला. तुमच्याशी इतक्या चढ्या आवाजात मी कधी बोलले नव्हते, त्याची माफी मागते. पण जे बोलले ते मागे घेत नाही. तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

दूरच्या देशातल्या लढाईत हल्ल्यात माणसं मेल्याची बातमी टीव्हीवर होती, त्यावर तुम्ही म्हणालात, "लढाई म्हटली की माणसं मरतातच. आणि त्यांचं सैन्य सांगतंय ना, तिथे साधा माणूस एकही नव्हता म्हणून. मग आपण कोण बोलणारे?" हे ऐकलं आणि मला आपल्याच घरातली दोन माणसं आठवली. एक आजी आणि दुसरे तुम्ही.

१९४२ साली आजी आठ वर्षांची होती, चिमूरपासून चार कोसांवरच्या गावात. १६ ऑगस्ट, नागपंचमीचा दिवस. 'चले जाव'च्या मोर्चावर गोळ्या चालल्या, माणसं पडली, आणि मग चिडलेल्या जमावाने सरकारी अंमलदारांनाही ठार मारलं. ते आपण सांगताना गाळतो. गाळू नये, त्यांच्याही घरी कोणी वाट पाहत असणार. त्यानंतर फौज आली. बाप्यांना धरून नेलं आणि घरात उरलेल्या बायकांवर जे झालं, ते आजीने कधीच पूर्ण सांगितलं नाही. एवढंच म्हणायची, "सायबानं कागदावर लिवलं, काहीच झालं नाही. मंग आमी तीन राती रानात कायले बसलो होतो?"

नागपूरहून काही बायका चिमूरला गेल्या. घराघरात बसून त्यांनी तिथल्या बायकांचं ऐकून घेतलं. सरकारने मात्र चौकशीच नाकारली. तेव्हा सेवाग्राम आश्रमातले प्रा. भन्साळी उपोषणाला बसले. ६३ दिवस. १२ जानेवारी १९४३ ला ते सुटलं. मधल्या काळात चिमूरची आणि उपोषणाची बातमी छापायलाही बंदी होती. तिच्या निषेधार्थ ६ जानेवारीला देशातल्या अनेक वर्तमानपत्रांनी अंकच काढला नाही. हे सगळं मी मागच्या आठवड्यात पुन्हा वाचलं. एक माणूस दोन महिने अन्नाशिवाय राहून मागत होता काय, तर चौकशी करा. कोणीतरी जाऊन बघा, त्या बायकांना विचारा. एवढंसुद्धा सरकारला नको होतं.

आपली माणसं मारली गेली, हे सरकारचं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्या मृत्यूंच्या आडून दुसऱ्या घरातल्या बाईचं ऐकायचंच नाही, हा अधिकार त्यांना कोणी दिला? टीव्हीवर त्या दिवशी तेच चाललं होतं, आणि तुम्ही फोनवर त्यालाच दुजोरा देत होतात.

काबूलचं तुम्हाला आठवत असेल. ऑगस्ट २०२१, विमानतळावर स्फोट झाला, अफगाण लोकांबरोबर १३ अमेरिकी सैनिकही मारले गेले. तीन दिवसांनी, २९ तारखेला, अमेरिकेने ड्रोनमधून एका गाडीवर क्षेपणास्त्र सोडलं. गाडीत स्फोटकं होती, असं सांगितलं. त्यांच्या सर्वोच्च सेनाधिकाऱ्याने, जनरल मार्क मिली यांनी, हल्ला न्याय्य होता असं जाहीरपणे म्हटलं. मग पत्रकार त्या गाडीवाल्याच्या घरी गेले. त्या माणसाने गाडीत पाण्याचे कॅन भरले होते. मेलेल्या दहाजणांत सात मुलं होती. १७ सप्टेंबरला चूक कबूल झाली आणि डिसेंबरमध्ये कळलं की कोणालाही शिक्षा होणार नाही.

हे उघडं पडलं, कारण त्या घरापर्यंत कोणीतरी पोचलं. इराक आणि सीरियातल्या हवाई हल्ल्यांवरचे अमेरिकी लष्कराचे तेराशेहून जास्त अहवाल त्याच वर्षी बाहेर आले. प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहिलं, वाचलेल्यांना विचारलं, असं त्यांत अगदीच विरळ. आकाशातून घेतलेलं चित्रण बघायचं, आपल्याच नोंदी चाळायच्या आणि तक्रार विश्वासार्ह नाही असा शेरा मारायचा. बाबा, इथे मी वाचायची थांबले, कारण हा शेरा मी आपल्या ओसरीवर ऐकला आहे.

मी आठवीत होते. डिसेंबर, विधिमंडळाच्या अधिवेशनाचे दिवस. तुम्ही रात्री एक वाजता घरी आलात. आईने वरण दोनदा गरम केलं, तुम्ही जेवला नाहीत. कारण कळलं ते तुम्ही निवृत्त झालात त्या आठवड्यात, तुम्हीच सांगितलंत. एका आमदाराचा तारांकित प्रश्न होता, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा: अमुक गावात विहिरीच्या दूषित पाण्याने पाच मुले दगावली, हे खरे आहे काय? खालून अहवाल आला की आरोग्य केंद्रात तशी नोंद नाही. नोंद कशी असणार? मुलं केंद्रापर्यंत पोचलीच नव्हती, घरीच दगावली. तलाठ्याने केंद्राची वही पाहिली, तहसिलीने तलाठ्याचा कागद पाहिला, तुम्ही तहसिलीचा. आणि मंत्र्यांच्या उत्तराचा मसुदा केलात: "(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही." त्या गावचा एक माणूस दोन दिवस तुमच्या कार्यालयाच्या व्हरांड्यात बसून होता. तुम्ही त्याला चहा पाजला होता. त्याचं एक मूल त्या पाचांत होतं, हे तुम्हाला माहीत होतं.

हे लिहिताना माझा हात जड होतो आहे. तुम्ही कोणाचा एक रुपया घेतला नाहीत, खोटा कागद केला नाहीत. साखळीतल्या कोणीच केला नव्हता, हेच मला जास्त भिववतं. तुम्ही त्या रात्री जेवला नाहीत, म्हणजे तुम्हाला कळलं होतं. दूरच्या देशातल्या अशाच एखाद्या कारकुनाचा कागद टीव्हीवर वाचून दाखवतात तेव्हा तुम्ही तो इतक्या सहज खरा कसा मानता? तो कागद कसा बनतो, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे?

"आपण कोण बोलणारे" याचंही सांगते. व्हिएतनाममधल्या माय लाई इथे १६ मार्च १९६८ ला अमेरिकी सैनिकांनी गावच्या गाव मारलं. व्हिएतनामी मोजणीनुसार ५०४ माणसं. सैन्याच्या पहिल्या कागदावर १२८ शत्रू ठार, असा विजय होता. ते फुटलं ते रॉन रायडनअर नावाच्या तरुण सैनिकामुळे. तो त्या दिवशी तिथे नव्हताच. सोबत्यांकडून ऐकलं, एकेकाला खोदून विचारलं आणि वर्षभराने, मार्च १९६९ मध्ये, त्याने लोकप्रतिनिधींना आणि अधिकाऱ्यांना पत्रं पाठवली. न पाहिलेल्या माणसाने चौकशी करा एवढंच लिहिलं, बाबा. आपल्याला तेवढं तरी म्हणता येतं.

तुमच्या कपाटातल्या जुन्या डायऱ्या मी उघडलेल्या नाहीत. पण त्या गावाचं नाव मला लिहून पाठवा. त्या माणसाचं आठवत असेल तर तेही. जूनमध्ये तुम्ही दोघं परत याल, तेव्हा रस्ते बरे असले तर आपण गाडीने जाऊन येऊ. तो नसेल तर त्याच्या घरचं कोणी असेल. आई, तूही चल, त्या रात्री वरण घेऊन तूच जागी होतीस.

पत्राचं उत्तर पत्रानेच द्या. फोनवर मी पुन्हा चिडेन.

तुमची,
छोटी