पूलचा हीट पंप बंद पडला की लगेच 'गॅस संपला' म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडायला लागली की लोणावळा, पवना, पाचगणीकडच्या बंगल्यांवरून फोन सुरू होतात, पूलचं पाणी गरम होत नाहीये म्हणून. मी एसी-रेफ्रिजरेशनची कामं करतो, पूलचे हीट पंपही (बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पूलचं पाणी तापवणारं मशीन) बघतो. बऱ्याच ठिकाणी आधी कोणीतरी येऊन सांगून गेलेला असतो की गॅस संपलाय, भरावा लागेल. मालक पुण्या-मुंबईहून पैसे पाठवतो आणि वर केअरटेकरला बोलणी बसतात. अहो, हा गॅस काही जळून संपत नाही, बंद पाइपातच फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे, आणि लीक न शोधता भरला तर तो परत जाणारच. त्यामुळे लीक कुठे सापडला हे विचारल्याशिवाय गॅसचे पैसे देऊ नका.

खरं तर सगळ्यात जास्त वेळा घोळ पाण्याच्या फ्लोचा असतो. फिल्टर चोक झाला, पंपाच्या बास्केटमध्ये पानं अडकली, पूलची लेव्हल स्किमरच्या (काठाजवळचं पाणी ओढून घेणारं तोंड) खाली गेली किंवा बायपासचा व्हॉल्व्ह कोणी फिरवून ठेवला की मशीनमधून पुरेसं पाणी जात नाही, फ्लो स्विच मशीन बंद करतो आणि डिस्प्लेवर एरर येतो (कोड कंपनीप्रमाणे वेगळा असतो, मॅन्युअल बघा). सँड फिल्टरवरचं प्रेशर स्वच्छ असतानाच्या रीडिंगपेक्षा ८-१० पीएसआयने वाढलं की बॅकवॉश करायचा (म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून फिल्टर धुवायचा), एवढं केअरटेकरला एकदा नीट दाखवून ठेवा. टायमरही बघा, फिल्टरचा पंप बंद झाला की हीट पंपही थांबणारच.

आता दुसरी गोष्ट, मशीन चांगलं चालू असतं पण लोकांना वाटतं बिघडलंय. १००० लिटर पाणी १ डिग्रीने तापवायला साधारण १.१६ युनिट उष्णता लागते. ८ बाय ४ मीटरचा, सरासरी १.४ मीटर खोल पूल म्हणजे जवळजवळ ४५,००० लिटर पाणी, म्हणजे एका डिग्रीला ५२ युनिट. १२ किलोवॅट उष्णता देणाऱ्या मशीनला एका डिग्रीला सव्वाचार तास लागतात, मग २२ वरून २८ वर न्यायला २६ तास सलग, आणि रात्री उघड्या पाण्यातून उष्णता उडून जाते ती वेगळीच. शुक्रवारी रात्री स्विच टाकून शनिवारी सकाळी पाहुण्यांना गरम पाणी मिळणार नाही हो, आधीपासून चालू करा आणि रात्री पूलवर कव्हर टाका, कव्हरने जेवढा फरक पडतो तेवढा मोठं मशीन घेऊनही पडत नाही कधीकधी.

मशीन शेडमध्ये कोंडून ठेवलं असेल तर मशीनने बाहेर सोडलेली तीच थंड हवा परत परत आत ओढली जाते आणि हीटिंग पडतं. खाली पाणी साचलं तर घाबरू नका, कॉइलवर दव धरतं त्याचं ते पाणी. हीटिंग बंद ठेवून नुसता फिल्टरचा पंप चालवा, थोड्या वेळाने ठिबकणं थांबलं तर लीक नाही.

थ्री फेज मशीन असेल तर आपल्याकडचा अजून एक प्रकार, लाइनचं काम झाल्यावर कधीकधी फेज उलटे येतात. मशीन फेजचा एरर दाखवून चालू होत नाही, आणि ते बरोबरच करतं. वायरमनकडून दोन फेज अदलाबदल करून घेतले की झालं. पण काही जण फेज प्रोटेक्टरच बायपास करतात, तसं केलं तर कॉम्प्रेसर उलटा फिरून जातो, आणि त्याचा खर्च सगळ्यात मोठा. आरसीसीबी (करंट लीक झाला की लाइन तोडणारा स्विच) ट्रिप होत असेल तर तोही कधीच बायपास करू नका, पाण्यात माणसं उतरतात, लहान मुलं असतात. आणि मशीनचं कव्हर घरच्यांनी उघडू नये, मेन बंद केला तरी कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

मशीन विकणाऱ्यांना तुमच्या पेपरमार्फत एक विनंती आहे, एरर कोडचा तक्ता मराठीत छापून मशीनसोबत द्या, पंप रूममध्ये भिंतीवर लावता येईल असा. मशीन रोज हाताळणारा केअरटेकर गावातला असतो आणि मॅन्युअल इंग्रजीत, तेही मालकाच्या कपाटात.

आपला,
एक एसी-रेफ्रिजरेशन मेकॅनिक, मावळ