कमी चालणाऱ्या गाडीच्या इंजिनात साचणारा गाळ

प्रति,
मा. संपादक,

विषय : मोटारीच्या इंजिनातील ऑइलचा गाळ, त्याची सफाई आणि प्रतिबंध

महोदय,

जुनी गाडी घेताना आपल्याकडे पहिला प्रश्न असतो तो 'किती चालली आहे?' हा, आणि आकडा जितका कमी तितकी गाडी चांगली असे सर्रास गृहीत धरले जाते. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांच्या देखभालीचे काम करताना वंगणाचे नाना प्रकारचे हाल मी जवळून पाहिले आहेत, आणि त्यामुळे हे गृहीतक निदान इंजिनाच्या बाबतीत तरी खरे नाही, हे आपल्या दैनिकामार्फत नाशिककरांसमोर मांडावेसे वाटते. सकाळी कॉलेज रोडवर मुलांना सोडायचे, संध्याकाळी भाजी घेऊन यायचे आणि उरलेला दिवस पार्किंगमध्ये उभे राहायचे, एवढेच जिचे आयुष्य आहे, त्या गाडीच्या इंजिनात ऑइलचा घट्ट गाळ साचण्याचा धोका रोज मुंबईला जाऊन येणाऱ्या टॅक्सीपेक्षा जास्त असतो.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी तयार होते. त्यातले बहुतेक वाफेच्या रूपात सायलेन्सरवाटे बाहेर पडते, पण थोडी वाफ, न जळलेले थोडे पेट्रोल आणि काजळी पिस्टनच्या रिंगांमधून निसटून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठणाऱ्या भांड्यात, उतरते. इंजिन पुरेसे तापलेले असेल तर हे पाणी आणि पेट्रोल पुन्हा उडून जाते आणि पीसीव्ही वॉल या झडपेतून इंजिनात ओढले जाऊन जळते. इंजिन थंड असेल तर ते ऑइलमध्येच मुरते, आम्ले तयार होतात, ऑइलमधली काजळी आणि मळ तरंगत ठेवणारी रसायने संपतात आणि हा सगळा ऐवज काळ्या लगद्याच्या रूपाने टॅपेट कव्हरखाली (इंजिनाच्या वरच्या झाकणाखाली) आणि चेंबरच्या तळाशी बसू लागतो. येथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा पाण्याचे तापमान दाखवतो, ऑइलचे नव्हे, आणि काटा मध्यावर आला तरी ऑइल तापायला त्यानंतरही बराच वेळ लागतो. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत ऑइल कधीच पुरेसे गरम होत नाही.

द्वारका चौकातल्या कोंडीत उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन चालू असते, पण किलोमीटरचा आकडा जागचा हलत नाही. ताशी सरासरी १५ किलोमीटरने ५,००० किलोमीटर कापायला इंजिन ३३० तासांहून अधिक चालते. तेच अंतर महामार्गावर ताशी ६० ने कापले तर सुमारे ८३ तास. ऑइल दोन्हीकडे सारखेच खराब झाले असेल असे कसे म्हणता येईल? म्हणूनच गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत सहसा '१०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते' असे लिहिलेले असते आणि धूळ, जवळच्या फेऱ्या, सततची कोंडी अशा वापरासाठी याहून कमी मुदत वेगळी सांगितलेली असते. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या गाडीचे ऑइल आणि फिल्टर सहा महिन्यांनी बदलावे, तेवढ्या काळात गाडी जेमतेम दोन हजार किलोमीटर चालली असली तरीही, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी कमी चाललेली म्हणून घेतलेली गाडी इगतपुरीजवळ ऑइलचा लाल दिवा लागून बंद पडली. चेंबर उतरवल्यावर ऑइल पंपाच्या तोंडावरची जाळी गाळाने जवळजवळ पूर्ण बुजलेली आढळली; ऑइल पातळीपर्यंत भरलेले होते, पण ते वर पोहोचतच नव्हते आणि तोपर्यंत बेअरिंगे गेली होती. आधीच्या मालकांनी दोन वर्षे ऑइल बदलले नव्हते, कारण 'अजून पाच हजारही झाले नाहीत'. हा दोष केवळ जुन्या किंवा स्वस्त गाड्यांचा नाही. अमेरिकेत टोयोटासारख्या कंपनीला २००२ मध्ये सुमारे ३३ लाख गाड्यांच्या इंजिनांतील गाळाबाबत दुरुस्तीची खास योजना जाहीर करावी लागली होती.

आपल्याकडच्या एका प्रथेबद्दल मला कळकळीने लिहायचे आहे. गाडी तापते अशी तक्रार घेऊन गेले की काही गॅरेजमध्ये रेडिएटर, पंखा किंवा पाण्याचा पंप तपासण्याऐवजी थर्मोस्टॅट वॉल सरळ काढून टाकला जातो आणि 'आपल्या उन्हाळ्यात याची गरज नाही' असे सांगितले जाते. थर्मोस्टॅटचे काम इंजिनाला लवकर योग्य तापमानावर आणून तेथे टिकवण्याचे असते. तो काढला की इंजिन कायम थंड चालते, पेट्रोल जास्त जाते आणि गाळाला लागणारी परिस्थिती आपण स्वतःच तयार करून देतो. ज्यांच्या गाडीतून तो काढलेला असेल, त्यांनी तो आधी परत बसवून घ्यावा.

गाळ झाला आहे की नाही हे ऑइल भरण्याचे झाकण उघडून टॉर्चच्या उजेडात पाहिले तर बऱ्याच अंशी कळते. आतल्या धातूवर सोनेरी-तपकिरी छटा असेल तर काळजी नाही, आणि डिपस्टिकवरचे (ऑइलची पातळी पाहण्याच्या पट्टीवरचे) ऑइल नुसते काळे दिसणे हाही दोष नाही, कारण मळ धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. मात्र झाकणाखाली डांबरासारखा जाड थर दिसला, सकाळी गाडी सुरू करताना इंजिनातल्या चेनचा खडखडाट आला किंवा तापलेल्या इंजिनावर सिग्नलला ऑइलचा दिवा लुकलुकला, तर गाडी पुढे रेटू नये. झाकणाला दुधाळ पिवळा फेस दिसला तर थंडीत ती साचलेली वाफ असू शकते. पण त्याचबरोबर कूलंटही कमी होत असेल तर हेड गॅस्केट (कूलंट आणि ऑइल एकमेकांत मिसळू न देणारा इंजिनातला पत्रा) तपासावे. बीएस-६ डिझेल गाडी असलेल्यांनी डिपस्टिकवरची पातळी वाढताना दिसली तर निर्धास्त राहू नये. धुराड्यातील गाळणी स्वच्छ करण्याची प्रक्रिया जवळच्या फेऱ्यांमुळे पुन्हा पुन्हा अर्धवट राहिली की जास्तीचे डिझेल ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल पातळ होते.

सफाईच्या बाबतीत सर्वांत घातक सल्ला म्हणजे चेंबरमध्ये रॉकेल किंवा डिझेल ओतून इंजिन चालवणे. त्याने बेअरिंगवरचा ऑइलचा थर पातळ होऊन धातूवर धातू घासतो, आणि काढल्यानंतरही त्यातले काही आतल्या नलिकांमध्ये उरून नवे ऑइल बिघडवते. गाळ बेताचा असेल तर पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचे चांगले ऑइल भरून ते फिल्टरसह दीड-दोन हजार किलोमीटरवर दोन-तीन वेळा बदलणे हा सावकाश पण सुरक्षित मार्ग आहे. बाजारात मिळणारे फ्लश (ऑइलमध्ये घालून गाळ विरघळवणारे द्रव) वापरायचेच असेल तर बाटलीवर लिहिलेल्या मिनिटांइतकेच, गाडी उभी ठेवून, रेस न करता वापरावे आणि गरम असतानाच सगळे काढून फिल्टर बदलावा. थर जाड असेल तर मात्र फ्लशला हातही लावू नये, कारण सुटलेले ढेकूळ थेट पंपाच्या जाळीवर जाऊन बसते. तेथे टॅपेट कव्हर आणि चेंबर उतरवून हाताने सफाई करणे आणि जाळी व पीसीव्ही वॉल साफ करणे किंवा बदलणे यांना पर्याय नाही. हे काम खर्चिक आहे, पण इंजिन उघडण्याच्या खर्चापुढे ते थोडे वाटेल. पीसीव्ही वॉल तुंबलेला राहिला तर बाकी सगळी सफाई काही महिन्यांत वाया जाते.

ज्यांना शक्य आहे त्यांनी आठवड्यातून एकदा गाडी त्र्यंबकेश्वर किंवा ओझरच्या बाजूला अर्धा-पाऊण तास सलग चालवून आणावी, म्हणजे ऑइल पुरेसे तापून त्यातले पाणी आणि पेट्रोल उडून जाते. इंजिन उभ्या जागी चालू ठेवल्याने हे काम होत नाही.

आपल्या दैनिकामार्फत शहरातील गॅरेजचालकांना माझी विनंती आहे की, काढलेले ऑइल गटारात सोडू नये, कारण ते नंदिनीतून गोदावरीत जाते. ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच द्यावे. तसेच प्रत्येक सर्व्हिसच्या वेळी झाकण उघडून ग्राहकाला आतली स्थिती दाखवावी आणि बिलावर किलोमीटरबरोबरच ऑइलचा ग्रेड व ते पुन्हा बदलण्याची तारीख लिहून द्यावी. जुनी गाडी घेणाऱ्यांनीही आकड्याआधी ही बिले मागावीत, आणि ती नसतील तर झाकण उघडून पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.

आपला,
एक वाचक,
इंदिरानगर, नाशिक