विक्रांत गेली, विराट गेली. पुढची युद्धनौका तरी जपा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

राज्याचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते, म्हणून समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या वैदर्भीयाने युद्धनौकेविषयी लिहिणे अस्थानी ठरू नये. नुकतीच आम्ही सहकुटुंब विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवरील ‘आयएनएस कुरसुरा’ पाणबुडी पाहिली. १९६९ साली नौदलात दाखल झालेली आणि १९७१च्या युद्धात सेवा बजावलेली ही सोव्हिएत बनावटीची पाणबुडी २००१मध्ये निवृत्त झाली व पुढच्याच वर्षी संग्रहालय म्हणून खुली झाली. सुमारे ९१ मीटर लांबीच्या त्या अरुंद पोटात पाऊणशे नौसैनिक कसे राहत असतील, हे टॉर्पेडोच्या नळ्यांशेजारच्या बिछान्यांकडे पाहिल्यावरच उमगते. माहिती द्यायला निवृत्त नौसैनिक असतात, ही मला तिथली सर्वांत मोलाची गोष्ट वाटली.

याच विशाखापट्टणमसमोरच्या समुद्रात डिसेंबर १९७१मध्ये ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी बुडाली. ती ज्या ‘विक्रांत’च्या मागावर आली होती, ती विमानवाहू नौका १९९७मध्ये निवृत्त झाल्यावर काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, मात्र २०१२मध्ये ते बंद झाले आणि २०१४मध्ये ती भंगारात विकली गेली. ‘विराट’ या दुसऱ्या विमानवाहू नौकेच्या संग्रहालयासाठी तर राज्य मंत्रिमंडळाने २०१८मध्ये ८५२ कोटींच्या आराखड्याला मान्यता दिली होती, तरीही २०२०मध्ये ती अलंगच्या भंगार किनाऱ्याला लागली. लांबलचक किनारा लाभलेल्या आणि शिवछत्रपतींच्या आरमाराचा वारसा सांगणाऱ्या राज्याला हे शोभत नाही.

दोन्ही विमानवाहू नौका अवाढव्य होत्या, हे मान्य. पण फरक केवळ आकाराचा नाही. पाण्यात तरंगत ठेवलेल्या जहाजाला खारे पाणी आतून-बाहेरून खात राहते आणि त्याच्या डागडुजीला अंत नसतो. कुरसुरा वाळूवर ओढून काँक्रीटच्या पायावर बसवली, म्हणून ती टिकली. सिंधुदुर्गात ‘गुलदार’ ही नौदलाची निवृत्त नौका समुद्रतळाशी ठेवण्याची योजना पर्यटनाला उपयोगी पडेलही, परंतु गडचिरोलीच्या शाळेतली मुले शिक्षकांबरोबर चालत आत शिरून पाहू शकतील, असे जहाज त्यातून मिळणार नाही.

तेव्हा विदर्भातील आमदारांनी येत्या अधिवेशनात एवढे विचारावे, की नौदलाची पुढची मध्यम आकाराची नौका किंवा पाणबुडी निवृत्त होण्यापूर्वीच राज्य तिच्यासाठी किनाऱ्यावरची जागा, निधी आणि देखभालीची जबाबदारी निश्चित करणार आहे काय.

आपला,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर