साडीसकट फरशीवर बसलेल्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम, ओपीडीत थँक्यू म्हणायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं, मागे रांग होती, म्हणून लिहून पाठवतेय.

सात वर्षांचं पोरगं. सकाळी पोटदुखी, रात्री झोप नाही, दिवसभर चिडचिड आणि बिनसलं की वस्तू फेकणं. पोटदुखीवर जंताचं औषध झालं, आजीचं मीठमोहऱ्या ओवाळून झालं, शाळेतल्या बाईंनी सगळ्या पालकांसमोर "घरी संस्कार कमी पडतायत" म्हणून ऐकवलं. एका मोठ्या क्लिनिकमध्ये तर पाच मिनिटांत "बायपोलर वाटतंय", म्हणजे मूड टोकाचा वरखाली होण्याचा आजार, म्हणून गोळ्या लिहिल्या, पोराकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही. फी मात्र आधी घेतली!

तुमच्याकडे तो आला तोच टेबलाखाली घुसला. मी ओढायला वाकले तर तुम्ही म्हणालात राहू दे, आणि स्वतःच खाली बसलात, कागद आणि स्केचपेन आत सरकवलंत. "राग केवढा येतो ते काढ, बोलू नकोस." त्याने एवढासा गोल काढला, मग त्याभोवती मोठा, मग अजून मोठा, कागद पुरेना तर तुम्ही काही न बोलता दुसरा जोडलात. मग आतून आवाज आला, "राग गेला की मला वाटतं मी घाण मुलगा आहे." हे त्याने मला कधीच सांगितलं नव्हतं हो.

लहान मुलांचं डिप्रेशन बऱ्याचदा चिडचिडीतूनच दिसतं, आणि सतत चिडणाऱ्या पोरांवर सरसकट बायपोलरचा शिक्का बसू नये म्हणूनच २०१३ साली डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकात वेगळं निदान आलं, तेही वर्षभराची लक्षणं बघून करायचं, हे तुम्ही मला समजेल असं सांगितलंत. आधी झोपेची वेळ, शाळेला चिठ्ठी, भडकला की लेक्चर न झाडता नुसतं जवळ बसायचं, आणि रोजची मूडची वही. गोळ्यांचं लागलंच तर पुढे बघू. वहीच्या पुठ्ठ्यावर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ पण लिहून दिलात. त्या वहीत रविवारची रात्र दर आठवड्याला लाल निघाली, तेव्हा कुठे शाळेतलं सगळं बाहेर आलं.

एवढ्या गर्दीत, कुरकुरणाऱ्या पंख्याखाली, कुणावरही न खेकसता काम करणारी माणसं आहेत अजून. पुढच्या वेळी आजीलाही आणतेय, तिला मीठमोहऱ्यांचं तुम्हीच काय ते सांगा, माझं ती ऐकत नाही.