बिट्टूच्या ताटलीतले बेदाणे

तासगाव,
१२ मार्च

चि. मृणाल हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

परवा तुमच्याकडे सत्यनारायण झाला, त्याचे फोटो पोहोचले. पूजा सुरेख मांडली होती. आई तर ते फोटो शेजारीपाजारी दाखवून आली. मात्र त्यांतल्या एका फोटोत तुमच्या कुत्र्याच्या, बिट्टूच्या ताटलीत प्रसादाचा शिरा वाढलेला आहे आणि त्यात तुपात फुगलेले बेदाणे स्पष्ट दिसत आहेत. तो फोटो पाहिल्यापासून माझे चित्त ठिकाणावर नाही. तुझ्या आईने तुला लगेच फोन केला आणि बिट्टू ठीक असल्याचे कळले, तेव्हा जिवात जीव आला. तरीही कुत्र्याला कोणते पदार्थ बाधतात ते सविस्तर कळावे आणि हा कागद तुझ्या स्वयंपाकघरात राहावा, म्हणून लिहीत आहे.

तुला आपला मोत्या आठवत असेल. तू पाचवीत होतीस. त्या हंगामात शेडवर बेदाण्याची प्रतवारी चालू होती आणि झाडलोट करून बाजूला काढलेला हलका माल पोत्यात भरून ठेवला होता. मोत्याने ते पोते फाडून त्यातला बराच माल खाल्ला. रात्री त्याला उलट्या झाल्या, दुसऱ्या दिवशी त्याने भाकरीला तोंड लावले नाही, नुसते पाणी पीत राहिला आणि तिसऱ्या दिवशी त्याची लघवीच बंद झाली. उन्हाची बाधा झाली असेल असे समजून आम्ही त्याला कांद्याचा रस पाजला. चौथ्या दिवशी तो गेला. तुला आम्ही साप चावल्याचे सांगितले होते, कारण आम्हालाही दुसरे काही सुचत नव्हते. द्राक्षावर ज्यांचे घर उभे आहे, त्या आम्हाला द्राक्षानेच कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होते हे ठाऊक नव्हते, याचे दुःख मला आजही आहे.

द्राक्ष, बेदाणा आणि मनुका या तिन्हींपासून कुत्र्याला हा धोका आहे. साधारण चार किलो द्राक्षे वाळवली की एक किलो बेदाणा होतो, हे तू लहानपणापासून पाहिले आहेस. म्हणजे मूठभर बेदाण्यात चार मुठी द्राक्षांचा ऐवज असतो. द्राक्षातल्या कोणत्या घटकाने हे घडते, याचा उलगडा बरीच वर्षे झाला नव्हता. २०२१ साली अमेरिकेतील विषबाधेचे काम पाहणाऱ्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले, कारण तेच आम्ल असलेली क्रीम ऑफ टार्टर ही बेकरीतली पूड कुत्र्यांच्या पोटात गेली असताना मूत्रपिंडाची तशीच हानी त्यांना आढळली. हे आम्ल द्राक्षाच्या जातीप्रमाणे आणि पक्वतेप्रमाणे कमीजास्त असते. एखादा कुत्रा द्राक्षे खाऊनही धडधाकट राहतो आणि दुसरा थोडक्यावर दगावतो, त्याचे एक कारण हे असावे. आपल्या गल्लीत आजही लोक म्हणतात, ‘आमचा कुत्रा बागेतच वाढला, त्याला काही झाले नाही.’ त्यांचे म्हणणे खोटे नाही, परंतु तेवढ्या भरवशावर तू बिट्टूला एकही दाणा देऊ नयेस.

याच आम्लामुळे दुसरा धोका आपल्या घरात शिरतो आणि तो म्हणजे चिंच. चिंचेत टार्टारिक आम्ल भरपूर असते आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांच्या मूत्रपिंडांनाही असाच अपाय झाल्याचे त्याच पशुवैद्यांनी नोंदवले आहे. म्हणून चिंचगुळाची आमटी, चिंचेची चटणी, चिंचेचा कोळ घातलेली कोणतीही भाजी बिट्टूच्या भातावर जाता कामा नये.

कांदालसणाविषयी तर आपल्याकडे कोणाला शंकाही येत नाही. भाकरी कुस्करून त्यावर उरलेला रस्सा ओतायचा, ही कुत्रा पाळण्याची आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे, आणि त्या रश्श्याचा सारा दाटपणा कांद्याच्या वाटणाचा असतो. कांदा आणि लसूण यांतली गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवल्याने, तळल्याने किंवा वाळवल्याने ती नाहीशी होत नाहीत, आणि लसूण कांद्याहून तीव्र असतो. वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक कांदा एका वेळी पोटात गेला तर बाधा होऊ शकते. बिट्टू नऊ किलोचा आहे, म्हणजे ४५ ग्रॅम, एक लहानसा कांदा. रोज थोडा थोडा गेला तरी अपाय साठत जातो. शिवाय लक्षणे त्याच दिवशी न दिसता काही दिवसांनी दिसतात: हिरड्या पांढुरक्या पडतात, कुत्रा धापा टाकतो, लघवी तांबूस-तपकिरी होते. तोवर कोणाला रश्श्याची आठवणही राहत नाही.

चॉकलेटचे तू ऐकले असशील. कोकोमधले थिओब्रोमाइन हे उत्तेजक द्रव्य आपल्या शरीरातून तुलनेने लवकर उतरते, पण कुत्र्याच्या शरीरात ते निम्मे होण्यासच १७-१८ तास लागतात. त्याने उलट्या होतात, अस्वस्थपणा येतो, छाती जोराने धडधडते आणि मात्रा मोठी असेल तर झटके येतात. बिट्टूच्या वजनाला गडद चॉकलेटचे ३५-४० ग्रॅम त्रास सुरू व्हायला पुरेसे आहेत. दुधाळ चॉकलेटला याहून अधिक लागते, तर कोको पावडरीचे एक-दोन मोठे चमचेही फार होतात. तू घरी केक करतेस, त्यामुळे पावडरीचा डबा विशेष जपावास. चहाकॉफीतले कॅफीनही त्याच कुळातले आहे. ब्रेडचे यीस्ट घातलेले कच्चे पीठही उघडे ठेवू नकोस, ते पोटात फुगते आणि त्यात मद्यार्क तयार होतो.

सर्वांत जलद घात करणारा पदार्थ मात्र माझ्याच पिशवीत असू शकतो. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले च्युइंगम, गोळ्या, टूथपेस्ट, क्वचित पीनट बटरही बाजारात मिळते. माणसाला ते चालते, परंतु कुत्र्याच्या शरीरात त्याने एकदम इन्सुलिन सुटते आणि अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर कोसळून तो लडखडत पडतो. बिट्टूच्या वजनाला तेवढे व्हायला एक ग्रॅमहून कमी झायलिटॉलही पुरते. मात्रा वाढली तर यकृतही निकामी होते. म्हणून पाकिटावरचा बारीक मजकूर वाचल्याशिवाय शुगरफ्री वस्तू घरात मोकळी ठेवू नकोस.

इतके करूनही त्याने काही खाल्लेच, तर लक्षणे दिसण्याची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना फोन कर. काय खाल्ले, किती, केव्हा, आणि बिट्टूचे वजन किती, एवढे सांग आणि पाकीट सोबत ने. पहिल्या दोनेक तासांत डॉक्टर औषधाने उलटी करवू शकतात. घरी मिठाचे पाणी पाजून तसे करू नकोस, कारण त्या मिठानेच दुसरी विषबाधा होते. घरातली तापाची वा वेदनाशामक गोळीही देऊ नकोस. बेदाणे खाल्ले असतील तर सलाइन लावून दोन-तीन दिवस रक्ततपासणी करावी लागते, आणि ती वेळेत झाली तर पुष्कळ कुत्री वाचतात. मोत्याला ही संधी मिळाली नाही.

आपल्या घरात माया खाऊ घालूनच दाखवतात, त्यामुळे बिट्टूला कोरडे ठेव असे मी म्हणणार नाही. साधा भात, भाकरीचा तुकडा, उकडलेले अंडे, हाडाविना शिजवलेले बिनमसाल्याचे चिकन, गाजर, लाल भोपळा, बिया काढलेले सफरचंद हे सारे त्याला चालते. नैवेद्याचे पान वाढतेस तसे त्याचे ताट आधी बाजूला काढ आणि फोडणी मग घाल.

पाडव्याला आम्ही येत आहोत. बेदाणे दरवर्षीप्रमाणे आणीन, पण या खेपेस घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात आणीन. त्यासाठी वरच्या फळीवर जागा करून ठेव. माझी औषधांची पिशवी टांगायला दाराआड एक उंच खुंटीही ठोकून घे.

तुझे,
बाबा